नावांचा सातबारा

सोलापूरच्या चाटी गल्लीत कापडाचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. दुकानाच्या गाळ्यापेक्षा दुकानाच्या नावाला मोल अधिक, हे तेथल्या गुमास्त्यालाही सांगावे लागत नाही. गाळा बदलला तरी जुने गिऱ्हाईक नाव विचारीत विचारीत नव्या पायरीशी येऊन उभे राहते. पण पाटीवरचे नाव बदललेले दिसले, तर जुन्याच पायरीवरून मागे फिरते. नाव ही एक मालमत्ता आहे, हे आपल्या व्यापाऱ्यांना कोणत्याही कायद्याने शिकविलेले नाही. कायदा मागाहून आला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या परिचयाचे एक यंत्रमागवाले गृहस्थ भल्या सकाळी घरी आले. चादरी आणि टॉवेल यांचा त्यांचा कारखाना. वडिलांच्या वेळेपासून माल एकाच नावाने जातो. दहाएक वर्षांपूर्वी कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी त्या नावाचे संकेतस्थळ करवून घेतले होते. करून देणाऱ्या तरुणाने नाव नोंदविले ते स्वतःच्याच खात्यावर. वर्षाचे पैसे तो यांच्याकडून नेई आणि भरी. पुढे तो गाव सोडून गेला, पैसे भरावयाचे राहिले, मुदत टळली आणि नाव सुटले. आता ते नाव उघडावे तर भलत्यासलत्या जाहिराती दिसत, आणि वर एक ओळ, ‘हे नाव विकणे आहे.’ किंमत डॉलरांत होती.

“सर,” ते म्हणाले, “चाळीस वर्षं माग आम्ही चालवले, अन् आमचंच नाव दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर कसं गेलं ओ?”

त्यांना उत्तर देण्याच्या खटपटीत मी या नावांच्या बाजाराचा इतिहास चाळू लागलो, आणि जसजसा चाळीत गेलो तसतसा त्यांचा ‘सातबारा’ हा शब्द मला अधिकाधिक नेमका वाटू लागला.

सातबारा म्हणजे गावनमुना सात आणि गावनमुना बारा, हे शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असते. सातावर जमीन कोणाच्या नावे आहे ते लिहिलेले असते. बारावर तिच्यात कोणते पीक उभे आहे ते. ज्याचे नाव लागले आहे तो एक आणि जो घाम गाळतो तो दुसरा, असा तंटा आपल्या खेड्यांनी पुष्कळ पाहिला. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला आणि त्यापाठोपाठ १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ उजाडला. तेव्हा या तंट्याचा कौल ‘कसेल त्याची जमीन’ असा लागला. इंटरनेटवरच्या नावांच्या बाबतीत नेमका हाच तंटा पुन्हा उभा राहिला. फरक एवढाच, की या नव्या दप्तरात साताचा उतारा आहे आणि बाराचा मुळीच नाही. नाव कोणी नोंदविले एवढेच तेथे लिहिलेले असते. त्या नावात पीक कोणी काढले, हे लिहावयास रकानाच ठेवलेला नाही.

हे दप्तर निर्माण कसे झाले, ते थोडक्यात पाहू. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसाला आकडे पाठ होत नाहीत. म्हणून आकड्याला नाव देण्याची चाल पडली. अमेरिकेतील आरंभीच्या जाळ्यावर यंत्रे थोडी होती. तेव्हा नावे आणि आकडे यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे आणि इतरांनी तीच उतरून घ्यावी, असा शिरस्ता होता. साऱ्या मुलखाला कुलकर्णी एक आणि दप्तरही एक! यंत्रे वाढली तेव्हा हे निभेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी दप्तर वाटून टाकण्याची युक्ती काढली. नावाचे टिंबाटिंबांनी भाग पाडावयाचे. शेवटच्या टिंबापुढचा भाग हा जणू जिल्हा, आणि प्रत्येक जिल्ह्याने आपापल्या गावांची नोंद आपण ठेवावयाची. ‘कॉम’ हा असा एक जिल्हा, ‘इन’ हा आपला भारताचा. १५ मार्च १९८५ रोजी ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे ‘कॉम’मधले पहिले नाव नोंदले गेले.

त्या काळी नोंदणीला पैसा पडत नसे, आणि नियम एकच होता : जो आधी येईल त्याचे नाव. विद्यापीठातल्या चार ओळखीच्या माणसांत हा नियम पुरेसा होता. पुढे चार माणसांचे चार कोटी झाले, तरी नियम तोच राहिला. सप्टेंबर १९९५ पासून नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीने दोन वर्षांना १०० डॉलर आकारावयास आरंभ केला. आपल्याकडे विदेश संचार निगमाने सामान्य माणसाला इंटरनेट खुले केले ते त्याच्या थोडेसेच आधी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे आपण या पेठेत पाऊल टाकले तेव्हा मोक्याच्या पुष्कळशा जागांना परक्यांची कुंपणे पडू लागली होती.

ती कुंपणे घालणाऱ्यांच्या कथा मोठ्या मौजेच्या आहेत. १९९४ साली जोशुआ क्विटनर या अमेरिकन पत्रकाराने ‘मॅक्डोनल्ड्स डॉट कॉम’ हे नाव स्वतःच्या नावे नोंदवून पाहिले. एवढ्या बड्या कंपनीचे नाव कोणीही उचलावे आणि कोणी हटकू नये, हेच त्याला दाखवावयाचे होते. न्यूयॉर्कमधील एका शाळेच्या संगणक-सामग्रीसाठी कंपनीने ३,५०० डॉलर द्यावयाचे कबूल केल्यावर त्याने ते परत केले. सगळेच असे खिलाडू नव्हते. डेनिस टोपेन या गृहस्थाने नामांकित कंपन्यांची शंभरावर नावे अडकवून ठेविली. त्यांत चित्रपटांचे कॅमेरे पुरविणाऱ्या पॅनाव्हिजन कंपनीचे नाव होते. सोडण्याबद्दल मागणी १३,००० डॉलरांची. आपण हे नाव खरोखरच वापरीत आहोत असे दिसावे म्हणून त्याने त्या पानावर इलिनॉय राज्यातील पॅना या गावाची छायाचित्रे लावली. पॅना गावाचे दर्शन, म्हणून पॅनाव्हिजन! १९९८ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने या पांडित्याला दाद दिली नाही.

परंतु या धंद्यात उतरलेला प्रत्येक जण लुच्चा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘बिझनेस’ हा शब्द कोणाच्याही मालकीचा नाही. ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव १९९७ साली दीड लाख डॉलरांना विकले गेले आणि १९९९ साली ७५ लाख डॉलरांना. यात कोणाच्या कष्टांची चोरी झाली? रस्ता कोठून जाणार याचा अंदाज बांधून माळरान घेऊन ठेवणारा मनुष्य दूरदर्शी असतो, एवढेच म्हणता येईल.

नावांवर पैसा मिळविण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला हा घेऊन विकण्याचा. दुसरा कसण्याचा : नाव घ्यावे, त्यावर उपयुक्त मजकूर किंवा दुकान मांडावे, वाचक जोडावे, आणि मग जाहिरातीवर, विक्रीवर किंवा उभा संसारच विकून कमवावे. यास वर्षे लागतात. तिसरा मार्ग पडीक रानात गवत कापून विकण्याचा. कित्येक माणसे शोध न घेता अंदाजाने नाव टंकित करतात, कित्येकांच्या हातून अक्षर चुकते. अशी वाट चुकलेली माणसे ज्या नावावर येऊन पडतील, तेथे नुसत्या जाहिराती लावून ठेवावयाच्या. कोणी जाहिरातीवर बोट ठेवले, की मालकाला चार पैसे सुटतात. आमच्या यंत्रमागवाल्या स्नेह्यांच्या नावाचे जे झाले ते हेच.

या तिसऱ्या मार्गावर काही काळ एक विलक्षण प्रकार चालला होता. घेतलेले नाव पाच दिवसांत परत केल्यास पैसे परत, अशी सवलत होती. चुकून नोंदलेल्यांसाठी ती ठेवलेली. चलाख लोकांनी तिचा लाभ घेऊन लाखांनी नावे उचलावी, पाच दिवस त्यांवर जाहिराती लावून पाहाव्या, कमाईची तेवढी ठेवून बाकीची परत करावी, असा सपाटा लावला. आपल्या बाजारात शेंगाचटणीचा नमुना हातावर घेऊन चाखतात; येथे चाखता चाखता पोतेच्या पोते रिकामे होऊ लागले. शेवटी २००८-०९ मध्ये नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने अशा परतीवर आकार बसविला, तेव्हा हा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला.

सोन्याच्या खाणीकडे लोक धावतात तेव्हा कुदळी-फावडी विकणाराही गबर होतो. मुंबईत भाविन आणि दिव्यांक तुरखिया या दोघा भावांनी १९९८ साली, वडिलांकडून घेतलेल्या २५,००० रुपयांवर ‘डिरेक्टी’ ही कंपनी उभी केली आणि नावांची नोंदणी व संकेतस्थळांना जागा पुरविणे यांची घाऊक दुकानदारी आरंभिली. त्यांच्याच ‘स्केन्झो’ या शाखेने पडीक नावांवर जाहिराती लावण्याचे काम केले. २०१४ साली त्यांचा नोंदणीचा व्यवसाय एका अमेरिकन कंपनीने सुमारे ११ कोटी डॉलरांना घेतला. पुढे भाविन यांच्या ‘रॅडिक्स’ कंपनीने ‘डॉट ऑनलाइन’, ‘डॉट स्टोअर’, ‘डॉट टेक’ असे जिल्हेच्या जिल्हे चालविण्याचा हक्क मिळविला. दुकानात सातबारे विकणारा शेवटी आपणच वतनदार झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मुख्य तंट्याकडे येऊ. साताच्या उताऱ्याला बाराची जोड आपल्या महाराष्ट्रात पहिल्याने कोणी दिली? त्याचे उत्तर सोलापूरकराला सुखावणारे आहे. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांचा जन्म १९४८ साली सोलापुरात झाला. वकिलीचा आरंभही त्यांनी येथल्याच जिल्हा न्यायालयात केला आणि १९७७ साली ते मुंबईस गेले. दिल्ली उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म्हणून त्यांचे नाव पुढे देशभर झाले. तत्पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात असताना त्यांच्यापुढे ‘रेडिफ’ कंपनीचा दावा आला. रेडिफचे संकेतस्थळ लोकांच्या परिचयाचे झाले होते, आणि कोणी ‘रॅडिफ डॉट कॉम’ असे एका अक्षराच्या फरकाचे नाव घेऊन तसल्याच धंद्यात उतरले होते. प्रतिवादींचा खुलासा असा की, हे नाव आम्ही ‘रॅडिकल’, ‘इन्फर्मेशन’, ‘फ्यूचर’ आणि ‘फ्री’ या चार शब्दांची आद्याक्षरे जुळवून घडविले आहे. पॅना गावाच्या छायाचित्रांची येथे आठवण व्हावी!

२२ एप्रिल १९९९ रोजी न्यायमूर्ती शहा यांनी हा खुलासा अमान्य करून मनाईचा अंतरिम हुकूम दिला. इंटरनेटवरचे नाव म्हणजे केवळ पत्ता नव्हे; व्यापारी चिन्हाला जे संरक्षण मिळते तेच त्यालाही मिळाले पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. दोनच महिन्यांपूर्वी दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ‘याहू’च्या बाबतीत असाच कौल दिला होता. ६ मे २००४ रोजी ‘सत्यम इन्फोवे’च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट पक्की केली. अशा नावांच्या तंट्यांसाठी देशात स्वतंत्र कायदा नाही; तरी एकाच्या नावावर दुसऱ्याने आपला माल खपवू नये या जुन्या तत्त्वाने त्यांचे रक्षण करता येते, असे न्यायालयाने सांगितले. कज्ज्यात आधी कोण आला एवढेच विचारणे संपले. लोक या नावाने कोणाला ओळखतात, हा प्रश्न पुढे आला. न्यायालयाने बाराचा उतारा मागविला!

याच सुमारास आपल्या ‘इन’ जिल्ह्याचे दप्तरही खुले झाले. पूर्वी त्याची नोंदणी मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडून होई आणि कागदपत्रांची कसोटी कडक असे. २००३ साली ‘निक्सी’ ही संस्था निघाली. १ जानेवारी २००५ पासून तीन आठवडे चिन्हधारकांना आधी संधी देऊन १६ फेब्रुवारी २००५ रोजी ते सर्वांसाठी मोकळे झाले. तंटे सोडविण्यास लवादाची सोयही झाली. तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवावयाच्या : नाव आपल्या नावाशी घोटाळा होण्याइतके सारखे आहे, घेणाऱ्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याचा हेतू शुद्ध नाही.

एवढे झाले तरी कायद्याचा हात पुरा पोचत नाही. २०२० साली हिंदुस्थान युनिलिव्हर कंपनीने तिच्या नावाशी मिळतीजुळती खोटी नावे घेऊन लोकांना फसविणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या निकालात एक गोष्ट स्पष्ट केली. नोंदणीचे दुकान यंत्राने चालते. नाव मोकळे आहे की नाही एवढेच ते पाहते, घेणारा साव की चोर हे पाहण्यास तेथे कोणी बसलेला नसतो. २०२४ सालचे प्रकरण तर पुष्कळांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. दोन बड्या कंपन्या एकत्र येणार असा होरा बांधून दिल्लीच्या एका तरुणाने ‘जिओहॉटस्टार डॉट कॉम’ हे नाव २०२३ मध्येच घेऊन ठेविले, आणि त्याबदली केंब्रिजमधील शिक्षणाचा सुमारे एक कोटीचा खर्च मागितला. कंपनीने मानले नाही. ते नाव पुढे दुबईच्या दोघा भावंडांकडे गेले. त्यांनी ते मोबदल्यावाचून देऊ केले. तरुणाची कल्पकता खरी. पण ज्या दोन नावांची त्याने सांगड घातली, त्यांपैकी एकातही त्याचा घाम नव्हता.

कंपनीचे नाव असले म्हणजे वकील देण्याची ऐपत असते. पण जे नाव एका माणसाचे नसून साऱ्या गावाचे आहे, त्याचे काय? ‘सोलापुरी’ हा शब्दच घ्या. १८७७ साली जुनी मिल निघाली, गावाला कापडगिरणीचे भोंगे ऐकू येऊ लागले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागावर आणि मग यंत्रमागावर जॅकार्डची चादर विणली. घरी तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड, अशा या गावाने तीन भाषांत घाम गाळून ‘सोलापुरी’ या एका विशेषणाला ऊब आणली. ते विशेषण इतके वजनदार झाले, की दुसरीकडे विणलेल्या चादरीही त्याच नावाने विकल्या जाऊ लागल्या.

त्यावर उपाय निघाला तो भौगोलिक निर्देशांचा. १९९९ चा हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला, आणि २००५-०६ मध्ये सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल यांची त्याखाली नोंद झाली. पुढे मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचे डाळिंबही त्या वहीत गेले. ही वही उघडून पाहिली तेव्हा मी चकित झालो. तिचे दोन भाग आहेत. ‘अ’ भागात नाव आणि त्याची धारक संस्था. ‘ब’ भागात ते नाव प्रत्यक्ष वापरणारे अधिकृत उत्पादक. म्हणजे सातही आहे आणि बाराही! शिवाय या नावाची खरेदी-विक्री कायद्यानेच बंद आहे; एकटा कोणी उठून ‘सोलापुरी’ विकू शकत नाही.

परंतु ही वही आणि इंटरनेटचे दप्तर यांची गाठ आपोआप पडत नाही. त्या दप्तरात एका नावाला एकच धनी. शेकडो मागवाल्यांची नावे मावतील एवढी जागाच नाही. त्यातही आपल्या गावाचे दुखणे निराळे : इंग्रजांच्या कागदांत ‘शोलापूर’, आज ‘सोलापूर’, रोमन अक्षरांत लिहावयाचे तर एका गावाचे दोन गट क्रमांक. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतला ‘डॉट भारत’ सुरू झाला आणि मराठीतही नाव नोंदता येऊ लागले, तेव्हा आणखी एक उताऱ्याची भर पडली. प्रत्येक उताऱ्याला दरसाल पैसे, आणि प्रत्येक बांधावर कोणीतरी टपलेला. सरकारने आपल्यापुरता ‘गव्ह डॉट इन’ हा गावठाण राखून ठेविला आहे, तेथे जिल्ह्याचे नाव सुरक्षित आहे. विणकरांसाठी तसे गावठाण कोणी राखले नाही. धारक संस्थांनी एकत्र येऊन आपल्या मालाच्या चार-सहा नावांची नोंद सामाईक ठेवावी आणि ‘ब’ भागातल्या प्रत्येक मागवाल्याला तेथे एक पान द्यावे, एवढे तरी होण्यासारखे आहे. खर्च पाहिला तर एका लग्नाच्या मांडवाइतकाही नाही.

आमच्या स्नेह्यांना मी काय सांगितले? मुदत संपल्यावरही ‘कॉम’चे नाव लगेच जात नाही, काही दिवसांची सवड असते, मग तीस दिवस दंड भरून सोडविता येते, आणि त्यानंतरच्या पाच दिवसांनी ते मोकळे होते. त्यांच्या बाबतीत हे सारे दिवस कोणी न मोजता निघून गेले होते. दाव्याची वाट मोकळी होती, कारण चाळीस वर्षांची बिले, चलाने, गाठोड्यांवरचे छाप हा त्यांचा बारा नंबरचा उतारा घरातच पडून होता. पण वकिलाचा खर्च आणि हेलपाटे यांचा हिशेब त्यांनी बोटांवर केला आणि मान हलविली. त्यांनी नावापुढे गावाचे नाव जोडून नवे नाव घेतले. या वेळी स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या फोनवर, पाच वर्षांचे पैसे एकदम भरून.

परवा दिवाळीच्या खरेदीला त्यांच्याकडे गेलो होतो. गल्ल्यामागच्या भिंतीवर लक्ष्मीच्या तसबिरीखाली त्यांनी त्या नोंदणीची पावती चौकटीत घालून टांगली आहे. शेजारी वडिलांच्या वेळचा छाप उठविण्याचा लाकडी ठसा. “जुनं नाव अजून तिथंच पडून हाय,” ते म्हणाले, “कोणी घेईना, अन् तो बी सोडीना.” आत माग चालू होते. त्या खडखडाटात पुढचे शब्द ऐकू आले नाहीत.